जनकरेषा

वर बघ, म्हणाली एउलालिया,
निशिगंधाच्या जुड्या बादलीत उभ्या करता करता.
बघितलं.
फूलबाजारावर काँक्रीटचं खोगीर,
दोन टोकं आभाळाकडे, दोन जमिनीकडे,
जाडी म्हणे चार बोटं.
जिथे नजर टेकवावी तिथून ती घसरते.
"आता यात सरळ काय आहे ते शोध."

वेळ लागला.
मग दिसले फळ्यांचे ठसे,
या कडेपासून त्या कडेपर्यंत
पाइनच्या शेकडो रेघा.
वाकलेली एकही नाही.
प्रत्येक फक्त शेजारणीपेक्षा किंचित कलती,
जशी रांगेतली माणसं
पुढे काय चाललंय ते बघायला
मान तिरकी करतात, एकामागून एक,
थोडी थोडी जास्त.

तिचे वडील सेंटरिंगचे सुतार,
एलेउतेरियो तेकुआपाचो.
इंजिनियर राजधानीतून नकाशाची नळी घेऊन आला.
हे म्हणाले, साहेब, छप्पर असं वाकडं हवं
तर फळ्या भिजवाव्या लागतील, वाफ द्यावी लागेल,
बोटीसारखी.
साहेब म्हणाला, वाकवायची एकही नाही.
आठवडाभर हे रागात.
ओळंबा घेऊन नकाशासमोर बसायचे,
नकाशा जमिनीवर पसरलेला,
ओळंबा काय सांगणार.

फ्रोइलाना, आई,
कमरेला माग बांधून विणत होती,
मागाचं दुसरं टोक ओसरीच्या खांबाला.
बोलली नाही काही.
कमरेजवळचा दांडा नुसता तिरका केला,
एक खांदा वर, एक खाली.
ताण्याचे धागे होते तसेच ताठ,
सुतासारखे सरळ (सूतच ते)
आणि त्यांच्यामधून, कंदिलाच्या उजेडात,
हे वरचं खोगीर उठलं,
हातभर.
वडिलांच्या हातातली तोर्तिया गार झाली.
"परत कर," म्हणाले.
तिनं परत केलं.
"आता उलटं."
त्या रात्री कापड पुढे गेलं नाही.

आमच्या पुस्तकात अशा रेषेला म्हणतात जनकरेषा.
रेषा ती, आणि नाव बापाचं.
यांच्या भाषेत हेनेरात्रिस: जन्म देणारी, बाई.
मला वाटलं, ऐकून हसेल.
एउलालिया देठ कापत राहिली.
"दारावर पाटी आहे," म्हणाली,
"तिच्यावर गव्हर्नर आहे."

टेकू काढले त्या दिवशी
वडील मधोमध उभे राहिले, हॅट हातात.
ते उभे म्हणून बाकीचे सुतारही.
आई दारात, शाल तोंडाशी.
छत कुरकुरलं, एकदाच,
नव्या बुटासारखं,
आणि मग जे गप्प झालं
ते आजपर्यंत.

फळ्या विकून टाकल्या.
कुणाचं खुराडं झालं, कुणाचा पलंग,
डुकरांचं कुंपण.
नाकासमोर चालणारं लाकूड, कशालाही चाललं.
त्यांनी वर काय करून ठेवलंय
हे त्यांना कोण विचारणार?

पावसाळ्यात एका कोपऱ्यातून गळतं.
पाणी फळ्यांच्या रेघा मानत नाही,
आपल्या मनानं आडवंतिडवं उतरतं.
एउलालिया खाली बादल्या लावते. फुकटचं आहे, म्हणते.

एका फळीत गाठ होती, मुठीएवढी.
वडील ती टाकून देणार होते, फळ्या कमी पडल्या
म्हणून लागली.
छतात अजून आहे तिचा खळगा,
भोवती लाकडाची वलयं, सिमेंटची.
एकतीस वर्षं तिचा गाळा इथेच.
पलीकडे भाडं अर्धं, शिवाय ऊन कमी.

मग इथेच का, मी विचारलं.
तिनं बोट खळग्यावर रोखलं
आणि हळूहळू खाली आणलं,
ओळंबा सोडावा तसं,
हवेतून, निशिगंधांतून,
आपल्या स्टुलापर्यंत.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.
दोन डझन, लांब देठाची.