पक्ष्यांपुरतं

स्वान्सीच्या इस्पितळात, मंगळवारी,
मिसेस प्रिचर्ड येतात. वय एक्क्याऐंशी.
कानातलं जुनं यंत्र रुमालात बांधून,
जसा पडलेला दात कुणी जपून आणावा.

मी त्यांना काचेच्या खोलीत बसवते.
आवाज आला की बटण दाबा.
त्या हसतात. मलाही असंच सांगायचे, म्हणतात,
दिवा लागला की रड.

तेव्हा त्या प्रिचर्ड नव्हत्या, एउफेमियाही नव्हत्या.
माद्रिदच्या भिंतींवर नाव होतं मिर्लिता,
काळं चिमुकलं पाखरू.
नऊ वर्षांची, सात सिनेमांत अनाथ.
आई मात्र रोज सेटवर,
विणकामाचे टाके आणि गाण्याचे पैसे
एकाच बोटांवर मोजत.

तेराव्या वर्षी छातीवर पट्टा आवळला,
पोस्टरवर वय दहाच.
बर्फ बंद. खोकला आला तर
डॉक्टरच्या आधी निर्माता.
मग एका सकाळी वरचा सूर लावायला गेल्या
आणि गळ्यातून भलतीच बाई बोलली.
‘कुणी रागावलंसुद्धा नाही,
त्यावरून कळलं.’

आमच्याकडे मुलग्याला कंठ फुटतो म्हणतात.
मुलीच्या कंठाचं काय होतं,
मला शब्द आठवेना.

पुढचं त्या भराभर सांगतात.
बिल्बाओचा धक्का, लोखंडाची बोट,
बोटीवरचा इंजिनियर प्रिचर्ड.
त्याने एकही सिनेमा पाहिला नव्हता,
म्हणून हो म्हटलं.
मग तीस वर्षं शाळेत पोरांना मटार वाढले.
गुणगुणल्या नाहीत.

कागदावर रेघ सरळ चालते
आणि चार हजारांपाशी कड्यावरून पडते.
खालचं शाबूत आहे, मी सांगते,
दार, बस, पुरुषांची बोलणी.
वरचं गेलं. पोरांच्या आवाजातली धार तिथे असते.
आणि पक्षी.

‘नातीने फोनवर लावून दिलं परवा.
पोरगी तोंड उघडते,
आवाज गोधडीखालून आल्यासारखा.
पहिल्यांदाच ती मला बरी वाटली.’

नव्या यंत्रात वरचे सूर वाढवू का?
त्या बराच वेळ खिडकीकडे बघतात.
‘पक्ष्यांपुरते वाढवा.’
यंत्राला तो फरक कळत नाही,
हे मी सांगायला हवं होतं.

आणखी एक.
तपासणीत तीनदा त्यांनी बटण दाबलं
मी काहीच वाजवलं नसताना.
फॉर्मवर त्याला रकाना आहे, ‘चुकीचा प्रतिसाद’.
मी तो कोरा ठेवला.