दोन तोंडांचं मडकं

सोलांज डिचोलीला आली तेव्हा
तिच्या नावावर सत्तावीस प्रदर्शनं होती
आणि पाणी राहील असं एकही भांडं नव्हतं.

अठराव्या वर्षी म्हणे कारखान्यात
बशांना सोनेरी काठ ओढायची.
मग एका दुपारी सुरईचा तळच कापला,
पॅरिसने तिला डोक्यावर घेतलं.
चाळीस वर्षं ती कापतच राहिली.

शाबा कुंभाराने तिचा आल्बम चाळला,
चिखल लागू नये म्हणून कोपराने.
"हे सगळं भट्टीत फुटलं?"
मग जरा थांबून, "आणि लोक घेतात?"

उठला, आतून घुमट घेऊन आला.
चामडं चढायचं होतं अजून,
एक तोंड मोठं, एक लहान,
मधे पोटभर काही नाही.
सोलांजने मोठ्या तोंडाशी ओठ नेऊन
नुसतं "ओ" म्हटलं.
पलीकडून निघालेला आवाज
कारखान्यातल्या पोरीचा होता.

पुढची नऊ वर्षं घुमटंच. सही कशावरच नाही.

म्हापशाच्या एका आरतीत त्यातलं एक आहे.
चवथीला लोक म्हणतात,
हे जरा वेगळं घुमतं.

शाबा म्हणतो, वेगळं कसलं,
चामडं सैल पडलंय.