बाविसावा रकाना

माझ्या कपाटात प्रत्येक मुलाची एक पिवळी फाइल असते.
आत एक कागद, कागदावर बावीस रकाने.
एकतीस वर्षं मी ते भरतेय, पेन्सिलीनं,
कारण विशीतल्या निश्चयांवर शाई टिकत नाही.

नू ची लॉर. सेंट पॉलच्या पूर्वेकडची.
विषय: कॉम्प्युटर सायन्स.
पहिल्या दिवशी आली तेव्हा अंगात थोरल्या भावाचा कोट,
बाह्यांतून नुसती नखं दिसत होती.
म्हणाली, मला फक्त प्रोग्रॅमिंग शिकायचंय.
बाकीचं गाळता येईल?

गाळायला हा काय चहा आहे, पोरी.

कॅल्क्युलसची दोन सत्रं.
डिस्क्रीट गणित, ज्यात मोजण्याआधी सिद्ध करावं लागतं
की मोजता येतं.
डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, यंत्राच्या पोटातली आतडी.
इथवर तिची मान हलत होती.
मग एक तत्त्वज्ञान. एक प्रयोगशाळा.
एक असं काही, ज्यात हात माखतात.
एक दुसरी भाषा, चार सत्रं.

घरी आम्ही ह्मॉन्ग बोलतो, ती म्हणाली.
छापील यादीत ते नव्हतं.
मी समासात लिहिलं.
समितीनं तीनदा खोडलं, चौथ्यांदा कंटाळून राहू दिलं.
गोठलेल्या तळ्याला भोक पाडून
दिवसभर गळ टाकून बसणारी माणसं आहोत आम्ही,
आम्हाला घाई नसते.

मातीकामाच्या वर्गात तिनं अठरा वाट्या केल्या.
सतरा भट्टीत तडकल्या. अठरावीत माझ्या टाचण्या असतात.
प्राध्यापक ब्रेक्के म्हणायचे, तिचं रिकर्शन बघा:
प्रश्न आपल्याच पोटात शिरतो, लहान होत, अजून लहान होत,
पण तळाशी कुठेतरी पाय टेकायला जागा तिनं आधीच ठेवलेली असते.
मुलं तीच विसरतात. मग प्रोग्रॅम बुडतो.

बाविसावा रकाना: पोहणे. चार फेऱ्या.
कुणी म्हणतं एका देणगीदाराची अट,
कुणी म्हणतं युद्धाच्या काळातली सवय.
मी कधी विचारलं नाही.

आठवं सत्र. एकवीस खुणा.
मी चिठ्ठ्या पाठवल्या, आधी साध्या, मग लाल.
ती आली. तोच कोट, आता तिच्या मापाचा.
बसली नाही.
आजोबा मेकाँग पोहून आले, म्हणाली, रात्री,
काखेत बांबू धरून.
निघाले तेव्हा सहा जण होते.
दहा हजार तळ्यांच्या या राज्यात
आमच्या घरातलं कुणी अजून होडीत बसलेलं नाही.

सवलतीचा अर्ज माझ्या खालच्या खणात असतो.
वैद्यकीय. धार्मिक. इतर.
'इतर'पुढे दोन ओळींची जागा.
मी तो सरकवला.
तिनं वाचला, उलटून मागची बाजूही वाचली,
जी कोरी होती.

मग विचारलं, उथळ बाजूला पाय टेकतात का?

एप्रिलभर, पहाटे सहाला.
कुंपणाशी बर्फ काळं पडून होतं.
पोहणं शिकवणारा डॅरिल म्हणायचा, भिंत सोड,
आणि ती भिंतीला विचारल्यासारखी थांबायची.

परीक्षेच्या दिवशी बाकावर एक म्हातारा होता,
बूट घातलेलेच, टोपी मांडीवर.
त्यानं पाण्याकडे पाहिलं नाही.
भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता,
चारी फेऱ्या, अकरा मिनिटं.

मी खूण केली. पेन्सिलीनं, नेहमीसारखी.
ओल्या केसांनी ती त्याच्याशेजारी बसली.
तो काहीतरी बोलला.
ती मला म्हणाली, ते विचारतात,
हे सगळं कॉम्प्युटरसाठी लागतं?

एकतीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.
मी म्हटलं, हो.

तिनं ते त्याला त्यांच्या भाषेत सांगितलं.
बराच वेळ सांगत होती.