झेरॉक्सच्या जागी

दार काचेचं, हीच पहिली अडचण.
गल्लीच्या तोंडाशी जी परमिट रूम आहे
तिला निदान पडदा तरी आहे,
मळका, हिरवा, उंबऱ्यापर्यंत लोंबणारा.
त्याच्यापुढून चाळीस वर्षं मी
पदर सावरत झपाझप गेले.
आत बघायचं नाही म्हणून
समोरच्या दंतवैद्याची पाटी पाठ केली,
वेळा, पदव्या, रविवार बंद, सगळं.

इथे लपायची सोयच नाही.
रस्त्याला मी दिसते, मला रस्ता,
आणि काचेत माझीच मी,
पिशवीतून दुधीचं टोक बाहेर आलेली.

"एकट्याच?" मुलानं विचारलं.
साधा प्रश्न. उत्तराला जरा वेळ लागला.

मी बसले तिथे पूर्वी मशीन होतं.
बाभुळकरांचं झेरॉक्स, लॅमिनेशन,
सर्व प्रकारचे फॉर्म मिळतील.
इथेच उभं राहून मी
ह्यांच्या दाखल्याच्या अकरा प्रती काढल्या.
बाभुळकर म्हणाले, बारा घ्या वहिनी,
एक कमी पडतेच.
पडलीच.

फळ्यावर खडूनं यादी.
नावं वाचता येईनात, आकडे येत होते.
"कोरडी देऊ की गोड?"
कोरडी म्हणजे काय, ते विचारलं नाही.
बत्तीस वर्षं रक्तपेढीत काढली;
न कळलेल्या वाक्याला
मान डोलवायची सवय आहे.

त्यानं बोटभर ओतली आणि थांबला.
मीही थांबले.
"आधी वास घ्या, काकू. मग सांगा."
म्हणजे हे सॅम्पल.
म्हणजे रिपोर्ट मी द्यायचा!
पेला उजेडाकडे धरला,
हात आपोआप तिरका झाला.
रंग ठीक. गाठी नाहीत. गाळ नाही.
बाटली मागून घेतली, तारीख बघितली.
"चालेल," म्हटलं,
तर सही करायलाही बोटं शिवशिवली.

पहिला घोट तुरट,
जांभळं खाऊन जीभ दाखवायचो तेव्हासारखा.
मग आंबूस. मग कुठूनतरी मागून
बरेच दिवस न उघडलेल्या कपाटाचा वास.
आवडलं असं नाही.
नावडलं असंही नाही.
साडेचारशे रुपयांत
स्वतःचं एक मत होईल असं वाटलं होतं,
ते अजून वाटेत होतं.

वाटीत हिरवी भोकरं.
भोकरं नव्हेत, ऑलिव्ह.
आणखी आठ दिवस मुरायला हवी होती.

मग मान वळवली.
कोपऱ्यात, खांबाआड,
चपला काढून, एक पाय समोरच्या खुर्चीवर,
शब्दकोड्यात पेन खुपसून
प्रमोदिनी टिपणीस.
आमच्या सेक्रेटरींच्या पत्नी.
ह्याच दुकानाच्या परवान्याला
सोसायटीची तीव्र हरकत आहे,
हा ठराव ज्यांनी खणखणीत आवाजात वाचला त्या.
ज्याला अनुमोदन मी दिलं.

दोघींनी एकदमच पर्स उघडली.
दोघींनाही पर्समध्ये काही सापडेना.
मुलगा उगाच शेजारचं टेबल पुसत राहिला,
स्वच्छ होतं तरी.

शेवटी त्याच बोलल्या, वर न बघता:
"मागाहून सुचलेलं शहाणपण. आडवा शब्द.
पाच अक्षरी."
मी बोटांवर मोजलं.
"पश्चातबुद्धी."
त्यांनी एकेक चौकोन भरला.
"बसतंय," म्हणाल्या,
आणि पाय खुर्चीवरून खाली घेतला नाही.

एवढंच. बिलं वेगळी.
त्या आधी निघाल्या, मी दहा मिनिटांनी;
चेंबूरच्या त्या गल्लीत
दोन फुटपाथ आहेत हे किती बरं.

घरी आल्यावर लक्षात आलं, पिशवी राहिली.
सकाळी दार उघडलं
तर कडीला लटकलेली.
दुधी होता तसाच,
फक्त सालीवर, निळ्या पेनानं,
चौकोनांत बसावीत अशी चार अक्षरं:
गुरुवार.

आज सोमवार.
भाजी दुसरी आणली आहे.