आठशे टक्के

आठशे टक्क्यांवर माणूस नसतोच.
नुसत्या चौकटी असतात,
गव्हाळ, जरा जास्त गव्हाळ, मध्येच एखादी जांभळट,
बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर
गोणपाटावर मांडलेल्या डाळींसारख्या
एकीला एक लागून.

पंचवटी कारंज्याजवळ, जिन्याखालच्या आमच्या दुकानात
दहाव्याचे फोटो एका दिवसात करून देतात.
देतात म्हणजे, मी देते.
शिरोडेसर बाहेर फ्रेमा ठोकतात
आणि मी आत, जिथं पंख्याचं वारं पोचत नाही तिथं,
गेलेल्या माणसांच्या गालांवरून
माऊस फिरवत बसते.

सकाळी एक मुलगा आला, अनवाणी.
मोबाइलमध्ये फोटो होता: सोमेश्वरचा धबधबा,
पुढं त्याचे वडील, निळ्या चौकड्यांच्या शर्टात, हसताना,
आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर कुणाचा तरी हात.
हातामागचा माणूस त्यानं आधीच कापून आणला होता.
म्हणाला, "एवढा हात तेवढा काढा.
बाकी कशाला लावू नका."
मी विचारलं नाही कुणाचा.
त्यानंच सांगितलं: काका. सातपूरचा गाळा. कोर्ट.
शंभराची नोट ठेवून गेला.

तर मग बोटं.
करंगळी सहज गेली, तिच्यामागं कॉलर होती.
मग अंगठीचं बोट, अंगठी नसलेलं,
पांढरा वण मात्र होता अंगठीचा.
शर्टाचा तुकडा उचलायचा, बोटावर ठेवायचा,
निळी रेघ निळीला मिळाली पाहिजे,
पांढरी पांढरीला,
गोधडीला ठिगळ लावताना लावतात तशी.
तर्जनीवर मात्र अडले.
नखाला उभी काळी चीर,
कधी काळी मशीननं चावा घेतलेला असणार.
त्या एका नखावर वीस मिनिटं गेली.
माझ्या आईच्या नखाकडं
मी एवढा वेळ कधी बघितलेलं नाही.

"मागं ये गं," सर बाहेरून ओरडले.
त्यांना खुर्चीच्या करकरण्यावरून कळतं
मी किती आत गेलेय ते.
डोळ्याला भिंग लावून निगेटिव्हवर पेन्सिल चालवलेला माणूस.
"जवळून सगळ्यांचेच खड्डे दिसतात. मागं ये."

मागं आले. शंभर टक्के.
हात नव्हता.
पण खांदा दबलेलाच होता.
कापड तसंच दाबल्यासारखं,
कॉलर एका अंगाला ओढलेली,
मान कलली होती
आता तिथं नसलेल्या कुणाकडं तरी.
खांदा उचलून बघितला. अर्ध्या बोटानं फक्त.
तर हसू खोटं दिसायला लागलं.
पुन्हा उचलला, थोडा कमी. तरी तेच.
सगळं परत घेतलं.
वजन काढायचं टूल
आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही.

संध्याकाळी रामकुंडाकडून आरतीचा आवाज येत होता.
फ्रेम काउंटरवर आडवी, काच पुसून ठेवलेली.
पन्नाशीचा एक माणूस पायरीवरच थांबला,
मग आत आला, काउंटरच्या कडेवर हात टेकला.
चेहरा मी नंतर बघितला.
आधी नख.
उभी काळी चीर, वर थोडी रुंद,
खाली येताना डावीकडं झुकलेली.
ती मला पाठ होती.

मला वाटलं, विचारेल.
खुर्चीच्या दांड्यावर माझी बोटं आवळली गेली,
मीच काही चोरलंय, अशी.
तो फ्रेमवर वाकला. बराच वेळ बघत राहिला.
बोट काचेपर्यंत नेलं, लावलं नाही.
सर खिळे मोजत बसले, उगाचच.

"चांगला आलाय," तो म्हणाला.
मग पायरी उतरता उतरता,
आमच्याकडं न बघता,

"शर्ट माझा होता."