वासे मोजताना

मला पैसे मिळतात ते खरोखर वासे मोजण्याचे.
सुलतानपुऱ्यातलं हे तीन मजली घर:
सागाचा सांगाडा, मधल्या जागेत विटा.
विटा नुसत्या बसायला आलेल्या,
उभं राहायचं काम लाकडाचं.

निंबाळकर शिडी धरतात.
रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त, बहात्तर वर्षांचे,
"बेसा, आधी चहा घ्या," म्हणतात बडोद्याच्या मराठीत.
दुपारी कढी-खिचडी, वर तुपाची धार.
मी जेवते आणि पुन्हा वर चढते:
चौदा, पंधरा, सोळा.
खाल्ल्या घरचे...
तो वाक्प्रचार आम्हा दोघांनाही ठाऊक आहे,
दोघंही उच्चारत नाही.

ओळंबा सोडला.
उत्तरेचा खांब सव्वादोन इंच बाहेर झुकलेला.
कागदावर तसाच काढायचा,
सरळ काढला तर माझी चूक.

माळ्यावर टॉर्च तिरपा धरला
तेव्हा सांध्यासांध्याशी पटाशीचे आकडे दिसले.
खांबावर तीन, तर तुळईवरही तीन.
म्हणजे घर आधी अंगणात आडवं जुळवलं,
मग सोडवलं, मग आकड्यांवरून उभं केलं.
चौदापर्यंत आकडे आपले.
पंधरातला पाच मात्र गुजराती, थेट 'प'सारखा.
मधेच सुतार बदलला.
आजारी पडला? मजुरीवरून बिनसलं?
की भाऊबीजेला गावी म्हणून गेला तो गेलाच?
चौदाव्या तुळईची कूस एकाची,
ती जिथे शिरते ते वेज दुसऱ्याचं,
आणि त्या सांध्यात पोस्टकार्ड सरकत नाही.
मी सरकवून पाहिलं.
खिळा एकही नाही. बाभळीची पाचर, बस.

भूकंपाच्या सकाळी, निंबाळकर सांगतात,
घर बैलगाडीसारखं कुरकुरलं
आणि थांबलं.
समोरच्या बँकेच्या भिंतीला तडा गेला.
हे सांगताना त्यांचा हात खांबावर असतो,
सवयीने.

आता पादऱ्याच्या रस्त्यावर
कुणाच्या तरी फार्महाऊसवर
हे पुन्हा उभं राहणार आहे.
आत जिम, बाहेर लॉन.
म्हणून प्रत्येक सांध्यावर खडूने
मी नवे आकडे घालायचे.
तीनपाशी आले आणि खडू खिशात ठेवला.
आकडे आहेतच की.
फक्त कळवायला हवं:
पंधरापासून पाच वेगळा वाचा.

निघताना निंबाळकर जिन्याशी थांबले.
"चौथी पायरी वाजते.
दुरुस्त करू नका म्हणावं.
रात्री कोण आलं ते तिच्यावरून कळतं."
मी म्हटलं नाही की
तिथे रात्री कुणी येणार नाही,
रखवालदार असेल, तोही गेटवर.

यादी उघडली.
वासे: एकसष्ट. वाळवी: सोळाव्याला.
शेऱ्याच्या रकान्यात जागा थोडी होती, बारीक अक्षरात लिहिलं:
पायरी चौथी, आवाज करते.
तशीच बसवावी.