खंड

शिवाजीनगर कोर्टाच्या भिंतीलगत
छत्रीखाली लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस विचारतो,
"गॅपचं ना? किती वर्षांचा?"
एक, मी म्हणते.
"मग सोपं आहे."
आणि माझं नाव विचारण्याआधीच मजकूर तयार:

मी शपथेवर लिहून देते की सदर कालावधीत
मी कुठेही प्रवेश घेतला नाही,
कुठेही नोकरी केली नाही,
माझ्याकडून कोणताही गुन्हा घडला नाही.

पण काका,
नवी पेठेतल्या अभ्यासिकेत सत्तेचाळीस नंबरच्या खुर्चीवर
मी रोज चौदा तास बसत होते, ते कुठे लिहायचं?
टेबलावर कुणीतरी करकटकानं कोरलंय, "निघालो".
पास होऊन की परत गावाला, ते नाही कोरलेलं.

अठ्ठेचाळीसला रेवणसिद्ध, अक्कलकोटचा.
एमपीएससीचा पाचवा प्रयत्न.
तो माझ्या एका वर्षाला वर्ष म्हणायलाच तयार नव्हता.
"अगं, हे तर मध्यंतर," म्हणायचा
आणि शेंगाचटणी माझ्या डब्याच्या झाकणात ओतायचा.

गेल्या वेळी अकरा गुण कमी पडले.
अकरा म्हणजे तीन प्रश्न.
त्यातला एक तर मला झोपेतही येत होता:
बेडकाच्या हृदयाला कप्पे किती?
तीन.
मी घाईत चारचा गोल काळा केला.
त्या चौथ्या कप्प्यात मग मी वर्षभर राहिले,
कॉट बेसिसवर, महिना साडेतीन हजार,
गरम पाणी सकाळी सातपर्यंतच.

भाद्रपदाच्या आधी महिनाभर
नदीकाठी पथकांचा सराव चालायचा.
मी ठोक्यांचा आलेख पाठ करतेय
आणि खिडकीची काच सत्तर ढोलांनी हलतेय.
कानात कापूस घालून वाचलं.
ढोल छातीतून ऐकू येत राहिले.

अफरीन मिरजेला लागली.
पहिल्या अ‍ॅप्रनमधला फोटो पाठवला तिनं,
बाह्या बोटांपर्यंत आलेल्या.
मी लगेच लाल बदाम पाठवला,
फोन उलटा ठेवला,
आणि जिन्यात जाऊन उभी राहिले थोडा वेळ.
जिन्यात बोलायला परवानगी आहे.
बोलायला कुणी नव्हतं एवढंच.

आई लग्नकार्यात सांगायची, "ती पुण्याला असते."
असते.
एवढ्या एका क्रियापदात माझं अख्खं वर्ष
तिनं पदराखाली झाकून नेलं.

बार्शीला पप्पांचं फ्लेक्सचं दुकान आहे.
गल्लीतले वाढदिवस, निवडी, दशक्रिया, सगळं त्यांच्याच हातचं.
माझाही तयार होता, पहिल्या निकालाच्या आदल्या रात्री,
दहा बाय सहा, मागे स्टेथोस्कोप,
शुभेच्छुकांत आत्याच्या यजमानांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे,
गुणांच्या जागी नुसत्या तीन फुल्या.
छापायची वेळ आली नाही.
पप्पा म्हणाले, "राहू दे गं फाइल, ती काय जेवायला मागते?"
दिवाळीत गेले तेव्हा चोरून उघडून पाहिली.
फुल्या तशाच.
फोटो मात्र बदललेला,
चष्मा लागल्यानंतरचा.

"यादी कधी लागतेय?" टायपिस्ट विचारतो.
गुरुवारी.
"आणि नाही लागलं नाव, तर यायचं परत इथंच.
एकाचे दोन करून देतो.
पण खाडाखोड नाही चालत हां,
नवा स्टॅम्प लागेल."
चांगला माणूस आहे. चहाही विचारतो.

मी कागद वाचते.
तीन ओळी, तीन नाही,
आणि खाली सहीपुरती रिकामी जागा.
सगळं खरं आहे. शपथेवर.
पेन चालत नाही, त्याचंच घेते.

"झेरॉक्स किती काढू?"
तीन, मी म्हणते.
विचार न करता.